ॲम्पला वेसण

लिफ्टवाल्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसचे. साबण लावला, रॉकेल चोळलं, तरी तळव्याच्या रेषांतला काळेपणा निघायचा नाही. बावीस वर्षं तो लोकांच्या इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत उतरत होता. दोर तपासायचे, ब्रेक आवळायचे, पॅनेलमधले जळके पॉइंट घासायचे. कुणी अडकलं की शंभर फोन. कुणी अडकलं नाही, तर हा माणूस जगात आहे याचा कुणाला पत्ता नाही. त्याला लिफ्टवाला न म्हणणारी माणसं दोनच. थोरला भाऊ त्याला ठोंब्या म्हणायचा आणि वहिनी भावजी.

स्वतःचा संसार त्यानं मांडलाच नाही. विचारलं की म्हणायचा, "वर-खाली करण्यात राहून गेलं." भावाच्या घरी पुढच्या खोलीत त्याची कॉट होती आणि कॉटच्या पायथ्याशी दादाचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा.

दादा रेडिओ दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प त्यानं लग्नाआधी स्वतः बांधला होता. आतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा विकतचा नाही. हातड्रिल शिकंज्यात आवळून, केसाएवढी तार मोजून मोजून गुंडाळून, पंधरा दिवस डोळे फोडून केलेला. दुसऱ्या पोरांच्या ॲम्पमधून गिटार वाजायची. दादाच्या ॲम्पमधून ती घसा बसलेल्या माणसासारखी बोलायची.

आता दादा आतल्या खोलीत पडून होता. फुप्फुसात गाठ. औषधांनी केस नेले, बोटांच्या टोकांची जाणीव नेली, आणि कान असे हुळहुळे करून ठेवले की वहिनीच्या हातून वाटी पडली तरी गडी कळवळायचा. हवेच्या मशीनची नळी चोवीस तास नाकात. डॉक्टर "घरी न्या" एवढंच म्हणाले होते. त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता आणि तिघंही न कळल्यासारखं वागत होते.

"एकदा तो ॲम्प ऐकायचाय," दादा म्हणाला.

"वाजवतो की. हळू वाजवतो."

"हळू म्हणे! आवाजाचं बटण दोनवर ठेवलास तर तो कुणाचाही ॲम्प आहे. आठवर नेलास, व्हॉल्व्ह कोंडून तापले, की मग तो माझा."

"आठवर नेला तर तुझे कान फुटतील, दादा."

"म्हणून तर तुला सांगतोय, ठोंब्या. वेसण घाल त्याला."

वेसण म्हणजे एक खोका. ॲम्पला आत पोटभर ओरडू द्यायचं, पण ते बळ स्पीकरपर्यंत पोचायच्या आधीच जाडजूड रेझिस्टरांत जिरवायचं. बहुतेक सगळं उष्णता होऊन जातं, चिमूटभर स्पीकरला मिळतं. ॲम्पला वाटतं, आपण रोजचंच ओझं ओढतोय. दादानं उशीवर पाटी ठेवून कागदावर आकृती काढली. पेन्सिल बोटात आहे की नाही हे त्याला बघून ठरवावं लागत होतं. रेघा वाकड्या, पण आकडे बरोबर.

"एकच गोष्ट डोक्यात ठोकून घे. याच्या मागं ओझं पाहिजेच, स्पीकर नाहीतर हा खोका. ओझं सुटलं आणि हा वाजत राहिला, तर आतला ट्रान्सफॉर्मर स्वतःलाच खातो. तारेची पिन चुकूनही उपसायची नाही."

"नाही उपसत."

"शपथ?"

"अरे, नाही उपसत म्हणतोय ना!"

लिफ्टवाल्यानं तो खोका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत बांधला. मोडीत निघालेल्या लिफ्टच्या पॅनेलमधले रेझिस्टर शोधले, मीटर लावून एकेक निवडला. उष्णता पसरायला खाली जाड ॲल्युमिनियमचा पत्रा, वर भोकं पाडलेलं झाकण. आठ दिवस डबा एका हातानं खाल्ला. कामात त्याचा जीव रमला, इतका की आपण हे कशासाठी करतोय याचा मध्येच विसर पडायचा, आणि आठवलं की तो डबा तसाच मिटून ठेवायचा.

शेवटी त्यानं ॲम्पकडून येणाऱ्या तारेत एक फ्यूज बसवला.

कागदावर फ्यूज नव्हता. पण शर्ट चढवला की माणूस बटणं लावतो, तशी लिफ्टवाल्यानं लाइन ओढली की फ्यूज लावलाच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यानं एका मोटरीवर फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार ठोकलेली पाहिली होती. ती मोटर पेटली तेव्हा लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. दार यानंच उघडलं होतं. तेव्हापासून फ्यूजशिवाय तो टेबलपंखासुद्धा जोडत नसे. भावाच्या ॲम्पला तर तो दुप्पट जपणार. निवडून, चांगला काचेचा फ्यूज घातला.

रविवारी सकाळी खोका घरी आला. वहिनीनं झाकणाची भोकं पाहिली. "भावजी, ही इस्त्री की शेगडी?"

"दोन्ही, वहिनी. तापला की पापड भाजा."

दादा हसला, खोकला, परत हसला. ॲम्प आतल्या खोलीत ओढून आणला. व्हॉल्व्ह लाल व्हायची वाट पाहिली. लिफ्टवाल्याला गिटारचे तीन कॉर्ड येत होते, तेही दादानंच मारून मारून शिकवलेले. त्यानं पहिला लावला. आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं एवढाच. दादाचा चेहरा आक्रसला नाही.

"चारवर."

चारवर नेला.

"सहावर."

सहावर आवाज मोठा झाला नाही, पण जाड झाला. कडा फाटायला लागल्या. दादानं डोळे मिटले. चादरीवर त्याची मेलेली बोटं कॉर्ड धरत होती. वहिनी दाराला टेकून उभी होती, पदर तोंडाशी.

"आता आठ," दादा म्हणाला. "आणि जोरात मार. घाबरू नकोस."

लिफ्टवाल्यानं आठवर नेला, हात उचलून मारला, आणि आवाज गेला.

त्याला भीती वाटली नाही, इथंच सगळं चुकलं. उलट त्याला हायसं वाटलं. फ्यूज उडाला, म्हणजे फ्यूजनं काम केलं, म्हणजे आत सगळं शाबूत. बावीस वर्षं हेच खरं होतं. ॲम्प चालूच ठेवून तो पिशवीत दुसरा फ्यूज शोधू लागला, आणि शोधता शोधता, तार तर सुटली नाही ना हे बघायला त्यानं गिटारवर अजून दोनदा जोरात हात मारला.

ॲम्पच्या पोटात निळं कडकडलं. मग वार्निश जळल्याचा गोडसर वास.

"बंद कर!" दादा ओरडला. आवाज फुटलाच नाही, नुसतं तोंड हललं. वहिनीनं धावत जाऊन भिंतीतलं बटण पाडलं.

दादानं नळीतून दोन श्वास ओढून घेतले.

"खोक्यात फ्यूज टाकलास?" दादानं विचारलं.

"हो."

"ॲम्पच्या बाजूला?"

"हो."

"म्हणजे पिन उपसली नाहीस. ती आपोआप उपसायची सोय केलीस." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "चूक माझी. लिफ्टवाल्याला सांगताना हे सांगायला हवं होतं."

बाजारातला ट्रान्सफॉर्मर दादाला नको होता. मग तसाच नवा गुंडाळायचा म्हणून लिफ्टवाला रोज कामावरून आला की वेढे मोजत जळका ट्रान्सफॉर्मर सोडवत बसे. वरचे वेढे मोजून झाले. आतले थर जळून एकमेकांत वितळले होते, कोळशाचा गड्डा. आकडा कुठं लिहिलेला नव्हता. दादा म्हणाला, आतले वेढे अकराशे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चौदाशे. तिसऱ्या दिवशी त्यानं वहिनीला विचारलं, "हा कोण बसलाय तार घेऊन?"

लिफ्टवाल्यानं दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. गुंडाळायला एकही घेतला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी, दादाला एकदम स्वच्छ जाग आली. "झाला का रे, ठोंब्या?"

"झाला."

"लाव की मग."

ॲम्प भिंतीशी उघडा पडला होता, पोटात भोक. लिफ्टवाल्यानं गिटार मांडीवर घेतली. ती नुसती फळी. ॲम्पशिवाय डासाएवढी वाजणारी. तो पलंगाजवळ सरकला आणि त्यानं पहिला कॉर्ड लावला.

"आठवर आहे?"

"आठवर."

दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ दुखल्यासारखे ओढले गेले. "थोडा कमी कर रे," तो म्हणाला.

लिफ्टवाल्यानं तारांवर तळहात टेकवला. आता बोटाखाली तार हलतेय हे फक्त त्यालाच कळत होतं. तसंच, तीन कॉर्ड, पुन्हा तेच तीन, वहिनी हवेचं मशीन बंद करून त्याच्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत.