अंगरख्याआधीचे मावळे

कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या टेलिकॉम कंपनीत पंधरा वर्षं नेटवर्कच्या आकृत्या काढणाऱ्या हेमचंद्र वर्तकांना २०१७ साली एकाएकी माणसं काढायचं वेड लागलं. ओटावाच्या संग्रहालयात त्यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रकारांची कच्ची रेखाटनं पाहिली होती. मोठ्या चित्रातले झगेवाले रोमन वीर इथे चक्क उघडे उभे, अंगावर फक्त चित्र मोठं करण्यासाठी आखलेल्या पेन्सिलीच्या चौकटी. आधी शरीर काढायचं, मग त्यावर कपडा चढवायचा, अशी रीत. परतताना वर्तक गाडी चालवता चालवता वीरांसारखे हात उंचावत होते.

"एक तरी हात स्टिअरिंगवर ठेवा," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शीलावहिनी म्हणाल्या.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी शपथ घेणाऱ्या मावळ्यांचा भलामोठा पडदा रंगवायचं त्यांनी जाहीर केलं. चेहरे कार्यकारिणीचे. कार्यकारिणी खूश होऊन भर थंडीत अंगावरच्या जाडजूड पार्का कोटासकट त्यांच्या बेसमेंटमध्ये पोझ देऊन गेली. लोकांसमोर येणारं वर्तकांचं हे आयुष्यातलं पहिलंच चित्र. नापसंत पडलं तर छापील बॅनर आणायचं ठरलं होतं.

जूनमध्ये अध्यक्ष विलासराव आणि त्यांच्या पत्नी प्रभाताई काम बघायला आले. भिंतीवरच्या कागदावर पाच मावळे, हात वर, मांड्यांत जोर, आणि कपड्यांच्या नावाने शून्य. मधला मावळा म्हणजे विलासराव.

"वर्तक, मी पार्का घालून उभा होतो."

"तो मी कल्पनेने उतरवला."

"कुणाला विचारून?"

"आत शरीर नसलं की अंगरखा हँगरला लटकल्यासारखा दिसतो. फ्रेंच लोक तर..."

"फ्रेंचांचं राहू द्या. मंडळात लहान मुलं येतात. बॅनर मागवा."

वर्तकांचा चेहरा पडला. प्रभाताई मात्र चष्मा सरसावून कागदापाशी गेल्या होत्या.

"अहो, हे तुम्ही? मग पोट कुठे गेलं?"

"वीराला पोट नसतं, वहिनी," वर्तक कसेबसे म्हणाले.

विलासराव पुढे झाले. दंड पाहिले, छाती पाहिली. मग श्वास आत ओढून चित्राशेजारी उभे राहिले.

"चेहरा साधलाय," ते म्हणाले. "पडदा करा. खाली नीट कपडा नेसवा. वर... वर घालायलाच हवा का?"

बातमी फुटली आणि उरलेल्या चौघांचेही याच मागणीचे फोन आले. उन्हाळाभर अंगरख्याच्या चुण्या गिरवायचा बेत केलेल्या वर्तकांना एकही चुणी रंगवायला मिळाली नाही.

गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागला. रुंद छातीचे पाच मावळे पाहून टाळ्या थांबेनात. कुठून करून आणला, असं जो तो विचारत होता. शीलावहिनीच पुढे होऊन प्रत्येकाला सांगत होत्या, "आणला कुठला, आमच्या ह्यांनी काढलाय. बेसमेंटमध्ये."