पिवळा मारणारा कॅमेरा

फोन वाजला तेव्हा समोर स्टुलावर एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी ताठ बसल्या होत्या आणि मी त्यांना हनुवटी खाली घ्या, नाही हो, एवढी नको, असं सांगत होतो. दिगोच्या घरचा नंबर. "भावजी, ते गेले," एवढंच वैनी म्हणाल्या आणि फोन कुणीतरी त्यांच्या हातातून काढून घेतला. मी काय केलं? बाईंचा फोटो पुरा केला. पुन्हा पुन्हा काढला, तुमचे डोळे मिटतायत म्हणून त्यांच्यावर खेकसलोसुद्धा. त्यांचे डोळे टक्क उघडे होते. पाणी माझ्या डोळ्यांत होतं. फोटो कापून, पाकिटात घालून दिले आणि मग दुकानाचं शटर ओढलं. बातमी आल्यावरही हातातलं काम सोडत नाही, त्या माणसाला गाव घट्ट काळजाचा म्हणतं. तसं काही नव्हतं. मला त्या घरी जायला तोंड नव्हतं, म्हणून मी वेळ काढत होतो.

दिगंबर, म्हणजे आमचा दिगो, जन्मभर देवगड बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करत राहिला. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा मिठबावला, आमच्या गावी, घरी बसला, आणि बसला तो थेट किनाऱ्यावर जाऊन. थंडीत आमच्या वाळूवर परमुलखातले कुरव पक्षी उतरतात. आयुष्यभर डिझेलच्या धुरात डोकं घातलेल्या या माणसाला साठीच्या आसपास शोध लागला की पक्षी नावाची एक वस्तू जगात आहे. मग मोबाईल घेऊन त्यांच्यामागे धावणं सुरू झालं. संध्याकाळी दुकानात यायचा, मोबाईल माझ्या नाकाला लावायचा. "सांग, हेच्यात पक्षी खंय आसा? तीळ दिसता, तीळ! माका खरो कॅमेरो व्हयो."

कॅमेरा म्हटल्यावर मी आलोच. तरुणपणी मालवणात एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मी उमेदवारी केली होती. उमेदवारी म्हणजे, तो फोटो काढायचा आणि मी दिव्याची पांढरी छत्री धरायचो. एकदा वाऱ्याने छत्री उडून वरमाईच्या अंगावर गेली आणि माझी कला तिथेच संपली. पण एवढ्या भांडवलावर मी गावात पासपोर्ट फोटोचं दुकान थाटलं आणि पंचक्रोशीतला कॅमेऱ्यातला जाणता म्हणून मिरवलो. दिगो तेवढा मला 'छत्री' म्हणायचा. तरीही सल्ला माझाच घ्यायचा... त्याचं हे एक माझ्या आजतागायत लक्षात आलेलं नाही.

नवा कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून जुने बघितले. दोन स्थळं पुढे आली. एक कसालच्या एका फोटोग्राफरचा, लग्नं करून थकलेला. म्हणजे मालक आणि कॅमेरा दोघेही. जड, मुठीवरचं रबर सुटलेलं, कोपरे झिजलेले. दुसरा देवगडच्या एका आंबेवाल्याचा. चांगल्या हंगामात हौसेने घेतलेला, दोन सहलींना नेऊन कपाटात ठेवलेला, अगदी लाजरा आणि तुकतुकीत. आमच्याकडे अजून माणसं माणसांवर विश्वास ठेवतात, दोघांनीही 'दोन दिवस ठेवा, बघा, मग सांगा' म्हणून कॅमेरे आमच्या हवाली केले. आम्ही त्यांची नावं ठेवली, कसालकर आणि देवगडकर.

दिगोच्या घरापुढच्या खळ्यात परीक्षा सुरू झाली. दोन्ही कॅमेऱ्यांना माझं एकच कार्ड चालत होतं. आधी माड झाला, मग कोंबडी झाली. दिगो फोटो बघतच नव्हता. कान लावून खटके ऐकत होता. "छत्री, हेचो आवाज आयक," तो कसालकराला कानाशी धरून म्हणाला. "भरलेलो आसा. आणि त्या देवगडकराचो? पत्र्यार पाण्याचो थेंब पडल्यासारखो. माका ह्यो कसालकरच व्हयो."

"मेल्या, तू इंजिन घेतंस काय कॅमेरो?" मी म्हटलं. "कॅमेऱ्याची खरी परीक्षा माणसाच्या कातडीवर." हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं आणि वापरायची संधी शोधत होतो. दिगोला धुवट पांढरा शर्ट घालायला लावला, माडाच्या सावलीत खुर्चीवर बसवला. आधी कसालकराने काढला, लगेच देवगडकराने. मागच्या छोट्या पडद्यावर दोन्ही फोटो आलटून पालटून बघितले. देवगडकराच्या फोटोत दिगो तरतरीत, उजळ. कसालकराच्या फोटोत हळद लावल्यासारखा.

दिगो पडद्यावर वाकला. "ह्या काय रे? माका कावीळ झाली काय?"

"तुका नाय, कॅमेऱ्याक झाली," मी म्हटलं.

काय हसलो आम्ही! वैनी ताकाचे पेले घेऊन बाहेर आल्या होत्या, त्याही हसल्या. दिगो खोकला लागेपर्यंत हसला. मग मी छत्रीच्या काळापासून साठवलेलं सगळं ज्ञान ओतलं. व्हाइट बॅलन्स म्हणजे काय, जुन्या कॅमेऱ्याचं रंगांचं गणित कसं बिघडतं, पिवळा मारणारा कॅमेरा घेऊन जन्मभर पश्चात्ताप कसा होतो. पश्चात्तापाचं तेवढं बरोबर सांगितलं. एवढ्यावर न थांबता कसालला फोन लावून त्या मालकालाही ऐकवलं. तो बिचारा दुखावला. "अहो, एवढी लग्नं केली त्याच्यावर. पिवळी नवरी एकच दिवस यायची, हळदीच्या." मी त्यावरही हसलो. तो काय सांगत होता हे ऐकायला माझे कान मोकळे नव्हते. कसालकर परत गेला, देवगडकर राहिला. दिगोने त्याला पडवीतल्या खुंटीवर टांगला, स्वतःच्या टोपीशेजारी, आणि थंडी संपून पक्षी उडून जाईपर्यंत रोज वाळूत पोटावर पडून फोटो काढले.

मधल्या काळात त्याला खाज सुटायची. वाळूतल्या किड्यांनी, मग आंब्याच्या चिकाने, असं आम्हीच ठरवलं. भूक गेली, ती उन्हाने. वजन उतरलं, तर मी म्हटलं, वाळूत लोळून पोट जिरलं. उन्हात रापलेल्या, रोज दिसणाऱ्या माणसाचा रंग कोण बघतं? शेवटी मुंबईहून त्याची लेक सुट्टीला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा, तुमचे डोळे असे काय?" दुसऱ्या दिवशी दवाखाना, आठवड्यात गोवा. पित्ताच्या वाटेवर गाठ. मोठ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे पिवळं कधीपासून आहे?" लेकीने वैनींकडे बघितलं, वैनींनी दिगोकडे, दिगोने छताकडे. मी भिंतीवरचा हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता वाचत होतो, अगदी मन लावून.

डॉक्टर म्हणाले, गाठ पुढे गेली आहे, आता कापण्यात अर्थ नाही. लवकर आला असतात तर ऑपरेशनचा विचार करता आला असता... करता आला असता, एवढंच ते म्हणाले. वाचला असता, असं म्हणाले नाहीत. त्या दोन वाक्यांमधल्या फटीत मी अजून राहतो आहे. नेमकं किती लवकर, हे मी एकाही डॉक्टरला विचारलेलं नाही. उत्तर कुठल्याही बाजूने आलं तरी मला झेपणारं नाही.

तेव्हाही मी स्वतःला एक सवलत दिली होती. योगायोग असेल. कॅमेरा खरंच पिवळा मारत असेल, आणि दिगोला नंतर कावीळ झाली असेल. वकील स्वतःचाच अशील झाला की कसे मुद्दे सुचतात बघा. त्या आधारावर मी गोव्याच्या फेऱ्या केल्या, त्याच्या उशाशी बसून गजाली मारल्या. एकदा तो अर्धवट गुंगीत म्हणाला, "छत्री, त्या कसालकराचो आवाज बरो होतो रे." मी म्हटलं, होय, बरो होतो, मग आपण तोही घेऊ. त्याने मान हलवली. श्रावणात गेला.

बाराव्यानंतर वैनी दुकानात आल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दिगोने सगळे पक्षीच काढले होते, आणि त्याचे फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. लग्नातल्या फोटोत तो कुणाच्या तरी खांद्यामागे, आधारकार्डावर गुन्हेगारासारखा. माझ्या खणात परीक्षेच्या दिवशीचं ते कार्ड होतं. कार्ड संगणकात घातलं आणि आमची खळ्यातली सकाळ पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर उघडली. माड, कोंबडी, मग दिगो. कसालकराचा फोटो आधी आला. चेहरा पिवळा, डोळ्यांची बुबुळांभोवतीची जागा लिंबासारखी. आणि शर्ट? शर्ट पांढरा होता. मागची चुन्याची भिंत पांढरी. खुर्चीखालची कोंबडी बगळ्यासारखी पांढरी. कॅमेरा पिवळा मारत असता तर सगळ्यांना मारला असता. एवढं तर छत्री धरणाऱ्यालाही कळतं. त्या फोटोत दिगो सोडून काहीही पिवळं नव्हतं. पुढचा फोटो देवगडकराचा. त्यात शर्टावर, भिंतीवर, कोंबडीवर, सगळ्यांवर निळसर झाक, आणि त्या निळ्यात दिगोचा पिवळा बुडून गेलेला. बिघडलेला होता तो हा, मी निवडलेला.

वैनी माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी घाईने कसालकराचा फोटो पडद्यावरून हटवायला गेलो आणि बोट चुकून दोन्ही शेजारी शेजारी उघडले. त्या वाकून बघत राहिल्या.

"ह्यो नको भावजी. ह्यो आजारातलो मां?"

"होय वैनी, आजारातलो," मी म्हटलं.

त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "शर्ट तोच आसा."

"तेका आवडायचो तो."

त्या बराच वेळ दोन्ही फोटोंकडे बघत होत्या, शर्टाकडे, खुर्चीकडे, खुर्चीखालच्या कोंबडीकडे. मग उजळ फोटोवर बोट ठेवलं. "ह्योच मोठो करून देवा." फोटो मी स्वतः फ्रेम करून त्यांच्या पडवीत टांगला. येणारे जाणारे म्हणतात, काय छान आलाय, अगदी हसेल असं वाटतं. मी निघालो तेव्हा वैनींनी खुंटीवरून कॅमेरा काढला, पट्टा त्याच्याभोवती नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"तुमीच व्हरा ह्यो. तुमीच पसंत केलेलो."

त्यांच्या आवाजात काही होतं की नव्हतं, ते मी त्या दिवसापासून रोज ठरवतो आणि रोज मोडतो. आता देवगडकर माझ्या दुकानात असतो, स्टुलाच्या मागच्या खिळ्याला. पट्ट्याला अजून वाळू आहे. गिऱ्हाईक नसलं की मी तो खाली घेतो आणि दिगोने काढलेले पक्षी बघतो. पाण्याच्या कडेला रांगेने उभे, उडताना, भांडताना. तीळ नाहीत, चांगले ठसठशीत आलेत. पिसं स्वच्छ, वाळू स्वच्छ, आभाळ धुतल्यासारखं. या कॅमेऱ्यात सगळंच छान दिसतं. म्हणूनच तर मी तो घ्यायला लावला.