स्वारगेटपासून तीन बिड्या

माझे बाबा अंतर बिड्यांत मोजत. स्वारगेटच्या मागे आमची खोली होती. तिथून मंडई दोन बिड्या आणि बुधवार पेठेतलं त्यांचं ऑफिस तीन. हे मला फार उशिरा कळलं, तेही डॉक्टरांसमोर. पण त्याआधी मी त्यांना काय बोलले होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

बाबा एका वकिलांकडे शिपाई होते. कोर्टात कागद नेणं, बँकेत जाणं, पक्षकारांना पाकिटं पोचवणं, सगळं पायी. सायकल त्यांना कधी आलीच नाही. वऱ्हाडातून पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांची बोली बदलली नव्हती. माझी मात्र कॉलेजात जाताना दारातच बदलायची. मी कॉम्प्युटर विषय घेऊन बीएस्सी करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि आपल्यालाही त्या जगात जागा मिळेल असं वाटू लागलं होतं. नक्की खात्री नव्हती, नुसतं वाटत होतं.

शेवटच्या वर्षाची जुनी पुस्तकं घ्यायला जूनमध्ये मी बाबांबरोबर निघाले. ते दर थोड्या वेळाने एखाद्या दुकानासमोर थांबत, बिडी पेटवत आणि काचेआडच्या वस्तू बघत. भांडी, मग चष्मे, मग ॲम्प्लिफायर. बुधवार पेठेत समोरून माझ्या वर्गातल्या दोघी येताना दिसल्या आणि बाबा नेमके एका स्पीकरपुढे उभे.

मी दबक्या आवाजात म्हणाले, "बाबा, चला ना. काल खेड्यातून आल्यासारखं काय बघताय?"

"पाहू दे ना माय," ते म्हणाले. "पाह्याले पैसे लागत नाहीत."

मी तरातरा पुढे निघून गेले. वळून पाहिलं तेव्हा ते अजून तिथेच होते, एका हाताने काचेला टेकलेले. ते टेकणं मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

पुढच्या महिन्यात वकीलसाहेबांनी त्यांना सांगितलं की कागद वेळेवर पोचत नाहीत. स्कूटरवाला मुलगा ठेवावा लागेल, दिवाळीपर्यंत बघू. बाबांनी हे घरी सांगितलं ते जेवताना, मान वर न करता. मी दुसऱ्या दिवशी एका डेटा एन्ट्रीच्या ऑफिसातल्या नोकरीसाठी अर्ज लिहून ठेवला. बाबांची नोकरी गेली तर कॉलेज सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. अर्ज वहीत होता. आईला तो सापडला. ती बाबांना बोलली. "पोरगी कॉलेज सोडायले निंगाली. आता तरी पाय दाखवा. बिडी सोडा म्हटलं की म्हणतेत, बिडीनंच तर पाय चालते!"

तेव्हा मला कळलं की बाबांचा पाय दुखतो.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बाबांच्या दोन्ही पावलांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. मग विचारलं, "काका, किती चाललं की पोटरी भरून येते?"

"एक बिडी," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चालतो, पोटरी आवळते, थांबतो, बिडी ओढतो. बिडी सरली का पाय मोकळा. पह्यले ऑफिसापर्यंत तीन लागत होत्या. आता सहा लागते." आणि जरा अभिमानाने म्हणाले, "बिडी नसती तं मी कधीचाच बसलो असतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी टेबलावरची रबरी नळी उचलली आणि चिमटीत धरून दाखवली. पायाकडे रक्त नेणारी नळी अशी अरुंद झाली आहे. चालताना पोटरीला जास्त रक्त हवं असतं, ते पोचत नाही, म्हणून ती दुखते. थांबलं की तिची गरज कमी होते आणि दुखणं जातं. "जातं ते थांबल्यामुळे, काका. बिडी त्या वेळी नुसती तुमच्या हातात असते. आणि ही नळी अरुंद करण्यात तिचाच मोठा हात आहे."

बाबांना ते पटलं नाही. चेहऱ्यावरच दिसत होतं.

"उद्या एकदा न पेटवता थांबून बघा," त्या म्हणाल्या. मग गोळ्या लिहून दिल्या आणि व्यायाम सांगितला. जरा झपझप चालायचं. चांगलं दुखायला लागलं की थांबायचं, दुखणं पूर्ण थांबलं की पुन्हा चालायचं. असं अर्धा तास, आठवड्यातले बहुतेक दिवस. रोज पावलं तपासायची. जखम दिसली किंवा बसल्या जागी पाय दुखला तर लगेच यायचं.

"दिवसभर चालतोच ना मी," बाबा म्हणाले.

"दुखू नये म्हणून जपून चालता. आता दुखेपर्यंत चालायचं. घाबरू नका, मी तपासलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. मनगटावर घड्याळ होतं, बाबांच्या खिशात बिड्या. आधीच्या थांब्यांवर त्यांनी बिडी पेटवलीच. शेवटचा थांबा तोच ॲम्प्लिफायरवाला. बाबा थांबले. हात खिशाकडे गेला, तिथेच राहिला. मी घड्याळाकडे बघत होते, ते स्पीकरकडे. तीन मिनिटं होत आली तेव्हा त्यांनी टाच उचलून टेकवून बघितली.

"गेलं," ते म्हणाले. मग, "इतकी वर्षं मले फसवलं तिनं."

काच पुसणारे दुकानदार आमच्याकडे बघत होते. म्हणाले, "काका, वर्षभर हा स्पीकर बघताय. एव्हाना त्यालाही तुमची ओळख पटली असेल."

मला त्या दिवशी लाज वाटली नाही. मी सरळ सांगून टाकलं, की पायाला रक्त कमी पोचतं, म्हणून ते थांबतात. दुकानदार आत गेले आणि एक लाकडी स्टूल आणून पायरीजवळ ठेवलं.

बाबा म्हणाले, "नाई, असू द्या."

"अहो, ते विकायला नाही, बसायला आहे. तेवढंच एक गिऱ्हाईक बसलेलं दिसेल लोकांना."

त्या दिवसापासून रोज दहाच्या सुमाराला ते स्टूल बाहेर असायचं. माझी प्रॅक्टिकल्स दुपारी असत, म्हणून मी रोज बरोबर जायचे. बिडी एका दिवसात सुटली नाही. दोनदा पुन्हा सुरू झाली, आणि एकदा तर मला वास येऊ नये म्हणून बाबांनी चक्क बडीशेप खाल्ली होती. गणपतीच्या दहा दिवसांत त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. वर्गातल्या त्याच दोघी तिथे भेटल्या. मी म्हटलं, "हे माझे बाबा." एवढंच. पण ते मला जमलं.

चालता चालता बाबा विचारायचे, कॉम्प्युटरात नेमकं काय शिकवतात. मी सांगायचे. किती कळत होतं माहीत नाही, पण दुखणं सुरू होईपर्यंत ते ऐकत, आणि थांबल्यावर पुढचा प्रश्न विचारत. इतकं आम्ही आधी कधीच बोललो नव्हतो.

थांबे हळूहळू कमी झाले. सहाचे पाच, मग बरेच दिवस पाचच. मी निराश झाले, ते झाले नाहीत. नवरात्रात तीनवर आले. पायाची नळी पहिल्यासारखी झाली नव्हती, होणारही नव्हती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पाय मात्र तेवढ्याच रक्तात जास्त चालायला शिकला होता. कागद वेळेवर पोचू लागले. दिवाळी आली आणि गेली. वकीलसाहेबांनी स्कूटरवाल्या मुलाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही. वहीतला अर्ज मी काढून आईच्या हातात दिला. तिने तो चूल पेटवायला वापरला.

त्यानंतरच्या एका सकाळी आम्ही बोलत बोलत ॲम्प्लिफायरच्या दुकानावरून पुढे निघून गेलो. मागून हाक आली.

"काका! आज काही चुकलं का आमचं?"

बाबा वळले. दुकानदार स्टूल हातात घेऊन उभे होते. बाबांनी एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा आलो त्या रस्त्याकडे. मग परत गेले आणि स्टुलावर बसले.

"दुखतंय?" दुकानदारांनी विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले. "आज सहजच बसलो."

मी घड्याळ बघितलं नाही. काचेला टेकून त्यांच्या शेजारी उभी राहिले.