पाण्यात न उतरलेलं जाकीट

"तात्या गेले, ये," एवढंच चुलतभाऊ फोनवर बोलला. नांदेडहून औशाजवळच्या आमच्या गावी पोहोचेपर्यंत माती उरकली होती. मी कुठेच वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

तात्या माझे चुलते. हवाई दलात वैमानिकांची जीवरक्षक जाकिटं तपासायचे. लढाईत विमान समुद्रात पडलंच, तर दोरी ओढायची. नळीतला गॅस सुटून जाकीट फुगायचं. निवृत्तीनंतर लिलावातलं एक जुनं पिवळं जाकीट त्यांनी घरी आणलं आणि पार गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्यात बांधून गावातली पोरं विहिरीत सोडली. इतर गावांत पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकत, आम्ही वैमानिकाच्या थाटात. नळी जपून ठेवलेली, जाकीट तात्या तोंडानंच फुगवायचे आणि काठावरून ओरडायचे, "हातपाय हालीव की रं, इमान तर पडलंच हाय!"

तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं भेटायला बसली होती. खुंटीवरच्या जाकिटाचा फोटो मी पुण्याच्या एका संग्राहकाला पाठवला. अशा वस्तूंना मोठी किंमत येते, असं मोबाईलवर पाहिलं होतं. त्याचा लगेच फोन. "शिक्का, नळी मूळची आहे ना? कोरं असेल तरच किंमत. पाण्यात उतरलेलं नाही ना?"

"छे हो! एकदाही नाही!" फोनवर माझा आवाज उगाच चढतो.

शेजारचा शंकर, माझ्याच वयाचा, म्हणाला, "एकदाबी न्हाई? मग म्या काय शाळेच्या फळ्यावर पवायला शिकलो व्हय?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं...

काकू आतून आली. जाकीट काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. "घिऊन जा. इकायचं तर इक बाबा. पर खोटं सांगून नगं. मानूस मरंल म्हनून त्यायनी कधी एक भोक लपवलं न्हाई."

नको म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. घेतलं.

संग्राहकाला खरं कळवलं. त्याचा पुन्हा फोन नाही. उन्हाळा लागायच्या आत परत द्यावं म्हणून काल कपाटातून जाकीट बाहेर काढलं, तेव्हा पट्ट्यांकडे नीट लक्ष गेलं. पट्टे आवळून तात्यांनी गाठ मारली आहे, सात-आठ वर्षांच्या छातीला बसेल एवढी. गेल्या उन्हाळ्यातलं शेवटचं पोर कुणाचं, मला ठाऊक नाही. ओल्या अंगानं ते डोक्यावरूनच जाकीट काढून पळालं असणार. मी गाठ सोडवायला बसलो... आणि हात मागे घेतला.

तसंच घेऊन जातोय. ज्याच्या मापाची आहे, ते पोर यंदाही येईल.