वाढवलेला परिच्छेद

माझ्या नावावर छापलेले शोधनिबंध एकूण चार. त्यातला पहिला लोकांना अजून आठवतो. एखाद्या चर्चासत्रात कुणी तरुण प्राध्यापिका भेटते आणि म्हणते, "मॅडम, तुमचा तो नाल्याचा परिच्छेद आम्ही वर्गात वाचून दाखवतो." मी मान हलवते आणि विषय बदलते. तो परिच्छेद कसा लिहिला गेला, ते मी वडील सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करायचे आणि अंबरनाथ पश्चिमेला वडिलांबरोबर राहायचे. वडील कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. छप्पनच्या धर्मांतराच्या वेळी ते ऐन विशीत होते. इंग्रजी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. आमची चार-पाच वकील आणि शिक्षकांची नागरी हक्कांची एक छोटी समिती होती. गावागावांत जाऊन, दलित आणि बौद्ध कुटुंबांना मसणवट्यापर्यंत जायला वाट मिळते का, याची आम्ही माहिती घेत होतो. कायदा आहे, तरी तक्रारी का होत नाहीत, यावर मी इंग्रजीत एक निबंध लिहायला घेतला होता. वडील म्हणायचे, "कोर्टात बोललेलं हवेत जातं. छापून येऊ दे एकदा."

बदलापूरहून चामटोलीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याला बरीच गावं लागतात. त्यातल्या एका गावात मला मावशी भेटल्या. मी त्यांना मावशीच म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. गावच्या बालवाडीत मदतनीस होत्या. रोज सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, त्यांना हाताला धरून बालवाडीत आणायचं, दुपारी परत पोचवायचं. वरच्या आळीतली पोरंसुद्धा त्यांचं बोट धरून यायची. गावात त्यांना तेवढी एक जागा होती.

आदल्या वर्षी भाद्रपदात त्यांचा नवरा तापाने गेला. मसणवट्याची वाट एका बड्या शेतकऱ्याच्या बांधावरून जायची. तिरडी तिथे पोचली तेव्हा बांधावर माणसं उभी होती. भात उभं आहे, बांध मोडेल, नाल्यातून जा, असं त्यांनी सांगितलं. नाल्याला कमरेच्या वर पाणी होतं. चौघांनी तिरडी खांद्यावर घेऊन तो ओलांडला.

हे मावशींनी मला त्यांच्या ओट्यावर, दारातल्या शेवग्याच्या सावलीत बसून सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता हे तुमाला म्हणून सांगते, ताई." मी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं की मधल्या धारेत एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि पांढरं कापड पाण्याबरोबर गेलं. नवरा तसाच उघडा पाण्यात. त्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी अंगावरचं लुगडं सोडायला घेतलं, पण बायकांनी त्यांना धरून ठेवलं.

"आजारात सुदिक त्यानं कवा मला अंग पुसू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "लई लाजायचा."

तक्रार करणार का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. "तुमी लिवा. पन आमचं नाव न्हाई यायला पायजे. मला हितंच ऱ्हायचंय." मी वचन दिलं. पेन खाली ठेवलं होतं ते खरं, पण घरी आल्यावर मी तेही वहीत उतरवून काढलं. विसरू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

निबंधाचा पहिला खर्डा मी पाठवला तेव्हा या प्रसंगावर एकच वाक्य होतं: एका गावात अंत्ययात्रेला नाल्यातून जावं लागलं. तीन महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं. निबंध स्वीकारता येईल, पण दुरुस्त्या हव्यात. सोबत दोन परीक्षकांचे शेरे होते. पहिल्याच्या सूचना तळटीपांबद्दल होत्या. दुसऱ्याने लिहिलं होतं की लेखिकेकडे प्रत्यक्ष माहिती असावी असं वाटतं, पण ती कुठेच दिसत नाही. वस्ती केवढी, त्या बाईचा व्यवसाय काय, जमीनमालकाशी संबंध कसे, नेमकं काय घडलं, हे आल्याशिवाय हा प्रसंग ऐकीव वाटतो.

ऐकीव हा शब्द मला लागला. मी वही काढली आणि त्या एका वाक्याचा परिच्छेद केला.

माझे कागद टाईप करून द्यायचे उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले एक सिंधी गृहस्थ. बाजाराच्या गल्लीत, एका बाजूला बटणांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला शिलाईचा कारखाना, मध्ये त्यांची टाईपिंगची खोली. मी त्यांना दादा म्हणायचे. पन्नाशीचे असतील. फाळणीत लहान वयात आईबरोबर आले होते. कोर्टाचे दावे, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्यांच्याकडे. टाईप करताना ते मजकूर वाचतात असं मला कधी वाटलंच नव्हतं.

नवीन पानं त्यांनी अर्ध्यापर्यंत टाईप केली आणि हात थांबवला.

"वकील साहिबा, पहले वाले में ये औरत नहीं थी."

"होती, दादा. थोडक्यात होती."

"अभी तो इसका काम भी है, झाड भी है, नाला भी है." त्यांनी चष्मा काढून पुसला. "इसको तो उधर का कोई भी पहचान लेगा."

मी म्हणाले, "इंग्लिश में है, दादा. गाँव में कौन पढेगा?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "हम लोग कॅम्प में आए, तब लिखनेवाले आते थे. सबसे पूछते थे, रास्ते में क्या हुआ. मेरी माँ ने किसी को नहीं बताया. मेरे को भी नहीं."

मला कोर्टात जायची घाई होती. मी म्हणाले, "नाव कुठेही नाही त्यात." त्यांनी मान डोलावली, कार्बन सरळ केला आणि उरलेली पानं टाईप करून दिली. संध्याकाळी मी ती घेऊन गेले. एकही चूक नव्हती.

निबंध छापून आला. वडिलांनी तो दोन दिवस लावून वाचला. नाल्याच्या परिच्छेदापाशी ते बराच वेळ थांबलेले मी पाहिलं. मला वाटलं, त्यांना तो आवडला. त्यांनी अंकाला खाकी कव्हर घातलं आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन मित्रांना दाखवून आले.

पुढच्या महिन्यात एका मराठी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत कुणीतरी त्या निबंधावर लेख लिहिला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. माझं कौतुक केलं होतं आणि नाल्याचा परिच्छेद जसाच्या तसा मराठीत दिला होता. मला तो लेख कोर्टात एका वकिलाने दाखवला. मी आनंदाने कात्रण काढून ठेवलं. मावशींचा विचार माझ्या मनात आला नाही. खरं तेच आहे.

दोन-अडीच महिन्यांनी मी अंक द्यायला त्यांच्या गावी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली, मला ओळखलं आणि आत यायला सांगितलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "ती गेली बहिणीकडं. अंबरनाथला."

काय झालं, ते मला तिने तुटक तुटक सांगितलं. गावातला एकजण कल्याणला ऑफिसात होता. त्याने ती पुरवणी आणली. देवळाच्या पारावर ती मोठ्याने वाचली गेली. बालवाडीतली बाई, दारातलं शेवग्याचं झाड, नाला. कुणाला नाव विचारायची गरजच पडली नाही. मारझोड झाली नाही, शिवीगाळही फारशी नाही. दुसऱ्या दिवशी मावशी पोरं गोळा करायला निघाल्या तर एकाही घरातून पोर बाहेर आलं नाही. वरच्या आळीतून नाही, आणि मग खालच्या आळीतूनही नाही, कारण तिरडी खांद्यावर घेणाऱ्या चौघांची घरं खालच्याच आळीत होती आणि गावभर त्यांच्यावर हसणं चाललं होतं. पंधरा दिवस मावशी रोज सकाळी दारोदार गेल्या. मग बालवाडीत शिकवणाऱ्या बाईंनीच त्यांना सांगितलं, आता येऊ नका.

मी अंबरनाथला त्यांच्या बहिणीचं घर शोधून काढलं. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं. मावशी दारात बसून जीन्सचे धागे कापत होत्या. उल्हासनगरच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, बायका घरी बसून लोंबणारे दोरे कापून द्यायच्या. त्यांनी मला पाहिलं, बसायला पोतं सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

मी म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली. मी पंचायत समितीत जाते, नोकरी परत मिळवून देते. तुमचं नाव नव्हतं त्यात, पण..."

"नोकरीचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. कातर चालूच होती. "वाट अडवली ते लिवलंत, ते बरं केलंत. ते मी कुनालाबी सांगितलं असतं."

मग त्यांनी हातातली पँट खाली ठेवली.

"पन त्याचं उघडं अंग तुमी गावाला दावलं. त्या दिशी नाल्यावर धा-पंधरा मानसं व्हती. तुमी सगळ्यांस्नी बोलावलं."

आतून त्यांच्या बहिणीने चहा आणला. मावशींनी बशी माझ्यापुढे केली. मी तो चहा प्यायले, कारण नको म्हणणं आणखी वाईट झालं असतं.

मी संपादकांना लिहिलं. त्यांचं सहृदय उत्तर आलं: छापलेला अंक मागे घेता येत नाही, हवं तर खुलासा छापू. खुलासा कशाचा करणार? त्याने पुन्हा तेच लोकांपुढे आलं असतं. पंचायत समितीतही मी तीन चकरा मारल्या. तिथले अधिकारी म्हणाले, लेखी तक्रार द्या. मावशी तक्रार देणार नव्हत्या, आणि त्यांच्या वतीने काही करण्याचा माझा हक्क उरला नव्हता. वर्षभराने तो निबंध एका पुस्तकात घ्यायचं ठरलं. मी परिच्छेद पुन्हा एका वाक्यावर आणून पाठवला. पुस्तकाच्या संपादकांनी कळवलं की निबंधाचा प्राण तोच परिच्छेद आहे. मी निबंध काढून घेतला. पण तोवर इतरांनी तो आपापल्या लेखांत उद्धृत केला होता. आजही करतात.

वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आईबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर?" आई मी कॉलेजात असताना आजारपणात गेली होती. एवढं विचारून झाल्यावर वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मावशींकडे मी जात राहिले. पहिली दोनेक वर्षं आमचं बोलणं तब्येत आणि पाणी यापलीकडे जात नसे. मग एक दिवस त्यांनीच निरोप पाठवला. विधवांच्या पेन्शनचा अर्ज भरायचा होता. मी फॉर्म घेऊन बसले. नाव, वय, पूर्वीचा पत्ता, एकेक रकाना त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. पतीच्या मृत्यूचं कारण, असा एक रकाना होता. मी वर पाहिलं.

"ताप," मावशी म्हणाल्या. "येवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. त्यांनी तो अर्ज माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि मग अंगठ्याला शाई लावली. पेन्शन मंजूर व्हायला दीड वर्ष गेलं. ती त्यांना जेमतेम तीन वर्षं मिळाली. छातीच्या दुखण्याने त्या अंबरनाथलाच गेल्या. गावाकडून कुणी आलं नाही. त्यांच्या बहिणीने मला विचारलं, वस्तीतल्या बुद्धविहारात शोकसभा आहे, तुम्ही वकील आहात, चांगलं बोलता, दोन शब्द बोलाल का. मी नाही म्हणाले, आणि मागच्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसले.