ज्येष्ठातला पहिला मंगळवार

लखनौला ह्यांची बदली झाली तेव्हा तीन वर्षांत नाशिकला परतायचं ठरलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली. जानकीपुरममध्ये घर झालं, हे बँकेतून निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि वरचा मजला रिकामा पडला. तो आम्ही चार-दोन दिवसांसाठी द्यायला लागलो. पाहुणे म्हणायचं, भाडेकरू म्हणायचं नाही, हे मुलीने ॲपवर आमचं घर टाकताना मला बजावून सांगितलं होतं.

ॲप माझ्याकडे आलं. फोटो मी काढले, चादरी मी निवडल्या, दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूपही मीच बसवून घेतलं. माणूस येतो, राहतो, जातो आणि जाताना तारे देऊन जातो. मला पाचपैकी पाचच लागतात. एकाने चार दिले तर आठवडाभर मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

ह्यांना ॲप आवडत नाही. ॲपवाले आपला हिस्सा कापून घेतात हे एक कारण सांगायला बरं होतं, पण खरी गोष्ट वेगळी होती. शाखेत असताना ह्यांचा फोन दिवसभर वाजायचा. निवृत्तीनंतर त्यावर रिचार्ज संपत आल्याचे मेसेज तेवढे यायचे आणि हे चष्मा लावून तेही शेवटपर्यंत वाचायचे. मग एकदा राहून गेलेले लोक थेट ह्यांनाच फोन करायला लागले, आणि घरात पुन्हा साहेबांचा आवाज आला. "हाँ जी, बोलिए," म्हणत हे अंगणात येरझारा घालायचे. दोन दिवसांच्या बुकिंगला अर्धा तास. त्यात समोरच्याचे गुडघे, त्याच्या गावचा गहू, मुलाची नोकरी, सगळं यायचं. शेवटी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, मला सांगायची आणि मी ती ॲपवर बंद करायची.

ह्या दुहेरी कारभाराला मी वैतागले होते. एक दिवस भांडता भांडता आमची पैज लागली. ज्याच्या पाहुण्यांमुळे पहिला गोंधळ होईल त्याने आपलं दुकान बंद करायचं. मी हरले तर ॲप जाणार होतं. हे हरले तर फोन पुन्हा गप्प होणार होता. ते मला कळत होतं, तरी मी पैज लावली.

ह्यांच्या पाहुण्यांत गोंडा जिल्ह्याकडचे एक निवृत्त हेडमास्तर होते. मुलीला इथल्या औषध-संशोधन संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून आले तेव्हा आमच्याकडे राहिले होते. प्रवेश मिळाला तर बड्या मंगळला लखनौत सरबत वाटीन, असा त्यांनी तेव्हाच नवस केला होता. इकडे जेठातल्या सगळ्या मंगळवारांना बडा मंगल म्हणतात. हनुमानाच्या नावाने गल्लोगल्ली मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून पुरी-सब्जी खायला घालतात. मास्तरांनी चैत्रातच फोन केला. "जेठ का पहला मंगल, भाई साहब. सुबह आठ बजे तक पहुँच जाएँगे."

हे फोनवर हात ठेवून म्हणाले, "अगं, ज्येष्ठातला पहिला मंगळवार कधी आहे बघ."

मी कणीक मळत होते. कॅलेंडर दर वर्षी नाशिकहून नणंद पाठवते. तशाच हाताने मी पान उलटलं, मंगळवारावर बोट ठेवलं आणि तारीख सांगितली. ह्यांनी लिहिली. मी ॲपवर बंद केली.

त्या तारखेला अजून दोन आठवडे होते, तेव्हा एका मंगळवारी सकाळी आठ वाजता दारात रिक्षा थांबली. मास्तर उतरले, मागून त्यांची बायको उतरली. मग साखरेचं पोतं उतरलं, गुलाबाच्या सरबताच्या बाटल्या उतरल्या, आणि शेवटी एक भलंमोठं पातेलं. वर इंदूरचं एक जोडपं झोपलेलं होतं, माझं, ॲपवरून आलेलं.

"आप तो..." हे अडखळले. "जेठ तो अभी लगा नहीं."

मास्तरांनी शांतपणे गल्लीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे सहा वाजल्यापासून भोंगा वाजत होता आणि पुऱ्यांची कढई चढली होती. "लगा कैसे नहीं? पूर्णिमा तो निकल गई."

तेव्हा कुठे उजेड पडला. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा जेठ सुरू झाला तरी नाशिकच्या कॅलेंडरात अजून वैशाखच असतो. बावीस वर्षं मी त्या पुऱ्या मिटक्या मारत खाल्ल्या, पण आपल्याकडे तेव्हा कोणता महिना चालू असतो ते एकदाही बघितलं नव्हतं.

"ग़लती मेरी है, मास्टर साहब," हे म्हणाले. "तारीख मैंने ही ग़लत लिख ली."

मी चादरी बदलायला आत पळाले. आमची झोपायची खोली त्यांना दिली, आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकल्या. बाकी तो दिवस फार छान गेला. इंदूरचं जोडपं चहाच्या शोधात खाली आलं ते पातेल्यात साखर ढवळायलाच बसलं. मास्तरांची मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. दुपारपर्यंत आम्ही सगळे फाटकाशी उभे राहून स्कूटरवाल्यांना अडवून सरबत पाजत होतो. जोडप्याने जाताना पाच तारे दिले आणि वर लिहिलं की इतका मजेशीर मुक्काम कुठे झाला नव्हता.

मास्तर गुरुवारी गेले. संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला. "नहीं जी, अब ऐप से ही कर लीजिए," एवढं बोलून ह्यांनी तो ठेवला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग अंगणात न जाता हे खुर्चीतच बसून राहिले.

मी कॅलेंडरपाशी गेले. ह्यांच्या सुबक अक्षरातल्या 'मास्तर'च्या शेजारी, त्या मंगळवारावर, माझ्या बोटाएवढी कणीक वाळून चिकटलेली होती. मला माझीच लाज वाटली.

"अहो," मी म्हणाले, "तारीख मी सांगितली होती."

"माहीत आहे," हे म्हणाले. "रोज बघतोय ती कणीक."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पाहुण्यांसमोर तुला तोंडघशी पाडू? आणि पैज म्हणजे पैज."

एवढ्यात फोन पुन्हा वाजला. ह्यांनी तो उलटा करून ठेवला. मी तो उचलला. पलीकडे कोणी बाराबंकीचे होते, सावनच्या पहिल्या सोमवारी दोन दिवस राहायचं म्हणत होते.

"पैज मी हरले," मी ह्यांना म्हणाले. "ॲप बंद करायचं की ठेवायचं ते साहेबांनी ठरवायचं." आणि फोनमध्ये म्हटलं, "एक मिनट, साहब यहीं हैं."

ह्यांनी माझ्याकडे बघत फोन कानाला लावला. चपला सरकवल्या, अंगणात गेले, घसा साफ केला.

"हाँ जी, बोलिए. पहले यह बताइए, सावन आपवाला या हमारावाला?"

मी हात धुऊन, पुसून कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिले. अर्धा तास तरी लागणार होता.