डब्यातलं माझं कार्ड

"कान धर," शेठ म्हणाला.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. डोक्यावर पदर, हातात रिकामी कापडी पिशवी. विसरवाडीच्या बाजारातलं कापड दुकान, पगाराचा दिवस, सकाळचे दहा. आम्ही अकरा जण ओट्यावर रांगेत उभे होतो. चौघांचं होऊन गेलं होतं. माझ्यामागे सहा जण.

मी एवढंच विचारलं होतं, "शेठ, मन्हा आते कितला ऱ्हायनात? कागदवर लिखी द्या."

शेठ गादीवर बसून नोटा मोजत होता. त्याने मोजणं थांबवलं. माझ्याकडे बघून हसला.

"हिशोब मांगस? शाळामा कामाठी शे ना तू? मंग शिक्षाबी शाळानीच. कान धर. दहा उठाबशा काढ."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने माझ्या पैशांवर हात ठेवला आणि माझ्यामागच्या माणसाला म्हणाला, "मोज रे."

माझ्यामागे आमच्याच आश्रमशाळेचा शिपाई होता. रोज सकाळी तो घंटा वाजवतो आणि मी मुलांच्या भाताचं पातेलं चढवते. तो माझ्याकडे बघेना. खाली बघून, हळू आवाजात त्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

मी काढल्या. हे मला लिहायचंच आहे. कोणी माझा हात धरला नव्हता, मला मारलं नव्हतं. मी माझ्या हातांनी माझे कान धरले आणि खाली बसले, उठले. सहाव्या वेळी गुडघा वाजला. दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा साडीचे काठ बघायला लागल्या.

दहा झाल्या. शेठने पाच हजार रुपये गादीच्या कडेला टाकले. "मोजी ले. तुले हिशोब आवडस ना."

मी मोजून घेतले. त्याला "येते शेठ" म्हटलं. तेही म्हटलं.

पैसे माझे होते. माझ्या पगाराचे. हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही म्हणून सांगते.

त्याच्या दोन वर्षं आधी माझा नवरा सुरतेकडे बांधकामावर होता. दुसऱ्या मजल्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. मुकादमाने त्याला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि त्यानंतर फोन उचलला नाही. पायात सळई टाकायची होती. मी रोजंदारीवरची कामाठी, महिन्याला अकरा हजार चारशे. मला कोण उभं करणार? शाळेतल्या लोकांनी शेठचं नाव सांगितलं. म्हणाले, लगेच देतो.

लगेच दिले. चाळीस हजार म्हणून कागद केला आणि छत्तीस हातात दिले. चार हजार पहिल्या महिन्याचं व्याज म्हणून आधीच कापलं. शेकडा दहा, महिन्याला. त्या दिवशी मला शेकडा दहा म्हणजे काय ते कळत होतं, मी सातवी शिकलेली आहे. पण नवरा खाटेवर ओरडत होता. मी सह्या केल्या. स्टँप पेपरवर एक, कोऱ्या चेकवर तीन. मग त्याने एटीएम कार्ड मागितलं, पासबुक मागितलं. पिन बदलायला स्वतः माझ्याबरोबर मशीनपर्यंत आला. आमच्या अकराही जणांचा पिन एकच होता. त्याच्या गाडीचा नंबर.

कार्डं गल्ल्यामागच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात असायची. प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. माझ्या कार्डावर नाव नव्हतं, "कामाठी" एवढंच होतं. पगार पडला की शेठ डबा घेऊन मशीनवर जायचा, अकरा खाती रिकामी करून यायचा आणि मग आम्हाला एकेक करून आमच्यातलं थोडं थोडं द्यायचा. मला पाच हजार. आम्ही हात पुढे करायचो. दोघे तिघे त्याच्या पायाही पडायचे.

घरी आम्ही कोकणी बोलतो, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. यातल्या एकाही भाषेत मी दोन वर्षं त्याला काही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा उठाबशा काढल्या.

त्या दिवशी ओट्यावरून उतरताना मला कोणीतरी हाक मारली. रशीदचाचा. खांडबाऱ्याचे शिंपी. शेठच्याच ओट्याच्या टोकाला त्यांचं मशीन होतं. दुकानातून कापड घेतलं की लोक तिथेच शिवायला टाकायचे. दर महिन्याला ते आमची रांग बघायचे आणि सुईत दोरा ओवत राहायचे.

"बहीण, जरा बस," ते म्हणाले.

मी बसले नाही. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

ते हळूच म्हणाले, "मन्हं कार्ड नव्हतं, पण मी बी त्यान्हा कर्जमा व्हतू. तीन साल. हाई मशीन गहाण व्हतं. जवलूक मी डोकामा हिशोब ठेवा, तवलूक त्यान्हाच हिशोब खरा व्हता. लिखी काढ. रोज. कितला उना, कितला गया. आनि बँकमा जाय. पासबुक त्यान्हं नही, तुन्हं शे."

मला त्यांचा राग आला. तीन वर्षं सोसलेला माणूस, आणि मी उठाबशा काढत असताना एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, "चाचा, तुमी देखी ऱ्हायनात ना?"

त्यांनी मान खाली घातली. "देखी ऱ्हायनू व्हतू," म्हणाले.

घरी गेले. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडली, शिवली. त्या महिन्यात मी प्रत्येक रुपया लिहिला. तेल, मीठ, डाळ. नवऱ्याच्या गोळ्या. मुलगी नंदुरबारला हॉस्टेलवर, तिचे सहाशे. इथपर्यंत ठीक होतं. पुढे लाज वाटायला लागली. माझी मिसरी, एकशे ऐंशी. दोन मोबाईलचे रिचार्ज, रोज फोन करावा असं कोणी नसताना. नणंदेच्या घरी लग्न, पाचशेचा आहेर, तोही उसने घेऊन. शेठ मला लुटत होता हे खरं. पण उरलेल्या पाच हजारांवरही माझा हात नव्हता, हेही खरं. मी दोन्ही लिहिलं.

मिसरी सोडली. आठ दिवस डोकं दुखलं. एक मोबाईल बंद केला. नवरा चिडला. म्हणाला, "आता मला लंगड्याला घरात कोंडून ठेव." मी ऐकून घेतलं. दोन शेळ्या विकल्या आणि ते पैसे पिठाच्या डब्यात ठेवले, हातात काही नसताना पुन्हा त्याच ओट्यावर जावं लागू नये म्हणून.

पुढचा पगार पडायच्या चार दिवस आधी रजा टाकली आणि बँकेत गेले.

काउंटरवर एक तरुण बाई होत्या. मी म्हटलं, माझं कार्ड बंद करा आणि नवीन पासबुक द्या.

"कार्ड हरवलंय?"

"नाही. दुसऱ्याकडे आहे."

"मग हरवलं असं लिहा. दोन मिनिटांत होईल."

"हरवलेलं नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे."

त्या वैतागल्या. माझ्यामागे लोक खोळंबले होते. "बाई, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. आणि पिन दुसऱ्याला देणं ही तुमचीच चूक आहे."

"हो," मी म्हटलं. "तेही लिहिते."

एक कोरा कागद मागितला. उभ्या उभ्या लिहिलं. माझं कार्ड व पासबुक अमुक दुकानदाराने कर्जापोटी सव्वीस महिने स्वतःकडे ठेवले आहे. पिन मी दिला, ती माझी चूक. शुद्धलेखनाच्या किती चुका झाल्या असतील ते माहीत नाही. पण "हरवलं" लिहिलं नाही. दोन वर्षं मी तोंडाने खोटं बोलत होते. शाळेत कोणी विचारलं तर कार्ड घरी आहे म्हणायचे. सहीखाली आणखी एक खोटं नको होतं. त्यांनी मॅनेजरला विचारलं, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला, कार्ड बंद केलं.

मग पासबुक छापून मिळालं. मी बँकेच्या पायरीवर बसून बेरीज केली. सव्वीस वेळा अकरा हजार चारशे काढलेले. सव्वीस वेळा पाच हजार मला मिळालेले. महिन्याला सहा हजार चारशे त्याच्याकडे. एक लाख सहासष्ट हजार चारशे. मी तीनदा बेरीज केली. छत्तीस हजारांचे एवढे दिले होते. मागच्या दिवाळीत शेठ तोंडी म्हणाला होता, अजून अडतीस बाकी आहेत.

पगाराच्या दिवशी मी रांगेत गेले नाही. शाळेत भांडी घासत होते. दुपारी शेठची गाडी शाळेच्या मैदानात आली. मुलं जेवायला बसलेली. तो ताटांच्या मधून चालत स्वयंपाकघरापर्यंत आला.

"मन्हा पैसा खायी गयी हाई बाई," तो मुलांना म्हणाला. मुलांना. "तुमनं जेवण चोरटी बाई रांधस. देखी ल्या."

तीनशे मुलं माझ्याकडे बघत होती. त्यात माझ्या गावची होती, माझ्या भावाची होती. मी हात पुसले. मी म्हटलं, "शेठ, मी एक लाख सहासष्ट हजार चारशे दिधात. पासबुकमा शे. तुमी कागद दखाडा."

त्याने हात उगारला. मारला नाही. मुख्याध्यापक धावत आले. मला वाटलं त्याला बाहेर काढतील. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मला म्हणाले, "मुलांसमोर तमाशा नको. मोठ्या माणसाशी वैर घेऊन तुमचं भागणार आहे का? मिटवून टाका."

मी मिटवलं नाही. तालुक्याला जाऊन सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज दिला, बेकायदा सावकारीचा. त्यानंतर माझ्यावर जे आलं ते माझ्या एकटीवर आलं नाही.

शेठने उरलेल्या दहा जणांचे पाचशे पाचशे रुपये कापले आणि सांगितलं, ही त्या कामाठीची शिक्षा. ते शेठला बोलले नाहीत. मला बोलले. शिपायाची बायको माझ्या दारात येऊन थुंकली. हातपंपावर बायका माझ्या आधी हंडे लावायच्या. रशीदचाचांनी साक्षीदार म्हणून नाव दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं मशीन ओट्याखाली रस्त्यावर पडलेलं होतं, चाक वाकलेलं, शिवायला आलेले कपडे चिखलात. बावीस वर्षं ते त्या जागी बसत होते. मी भेटायला गेले तेव्हा ते घरात बसून मुलांच्या चड्ड्या हाताने शिवत होते.

"चाचा, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुन्हामुळे नही," ते म्हणाले. "पयलेच बोलाले पाहिजे व्हतं मी." आणि पुन्हा सुई हातात घेतली.

मग नोटीस आली. शेठने माझा एक कोरा चेक भरला होता. दीड लाखाचा. खात्यात एवढे नव्हते, तो परत गेला, आणि आता कोर्टात आरोपी मी. सही माझीच आहे. वाकडी, घाईची, नवरा ओरडत असताना केलेली. सरकारी मदतीचे वकील मिळाले आहेत. ते खोटा धीर देत नाहीत. म्हणाले, सही तुमची आहे, लढाई लांब चालेल.

दुकानाची तपासणीही झाली. निबंधकांची माणसं आली, कपाटं उघडली, गल्ला उघडला. डबा मिळाला नाही. गल्ल्यामागची फळी रिकामी होती.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझं जुनं पासबुक होतं, शेठने ठेवून घेतलेलं. म्हणाले, शेठ मोठ्या मनाने तयार झालेत. तुम्ही अर्ज मागे घ्या, ते तिन्ही चेक परत देतील, केस काढून घेतील, अडतीस हजार माफ करतील.

"माफ?" मी विचारलं.

"हो. एक पैसा द्यायचा नाही. सुटलात तुम्ही."

मी घरी जाऊन विचार केला. खोटं कशाला सांगू, हो म्हणावंसं वाटलं. नवरा म्हणाला, घे, आपण काय कोर्टाची माणसं आहोत का? मुलीचं शेवटचं वर्ष आहे. माझी नोकरी रोजंदारीची, उद्या येऊ नका म्हटलं तर संपली. मी वही काढली आणि लिहून पाहिलं. वकील फुकट. तारखेला एसटीचं भाडं. बुडालेली मजुरी. महिन्याला साडेआठशे पडतात. आता पूर्ण पगार माझ्या हातात येतो. आहेरासाठी घेतलेले उसने पाचशे फेडून झालेत, बचत गटात शंभर भरते, मुलीची फी बाजूला पडते. साडेआठशे निघतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. उभी राहिले. खुर्ची दिली नव्हतीच.

"सर, माफी गुन्हा केलेल्याला देतात. मी कर्ज घेतलं आणि चारपटीहून जास्त फेडलं. अर्ज मागे घेणार नाही."

"नोकरीचा विचार करा," ते म्हणाले.

"केला. लिहून केला."

अकरा खाती दर महिन्याला एकाच सकाळी, एकाच मशीनवर, एकामागोमाग एक रिकामी झालेली आहेत. डबा लपवता येतो, हे लपवता येत नाही. पण माझं एकटीचं पासबुक पुरत नाही, वकील म्हणतात. आणखी हवीत. परवा शिपाई आला होता, अंधार पडल्यावर, मागच्या दाराने. बायकोला न सांगता. बँकेतून छापून आणलेले कागद त्याने पदराआड द्यावेत तसे माझ्या हातात दिले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मीही त्याला माफ केलं असं म्हटलं नाही. कागद घेतले, मोजले, त्याच्यासमोर पावती लिहून त्याला दिली.

दोन झाली. नऊ राहिली. त्यातल्या पाच घरांतून मला शिव्या घालून हाकललं आहे. सोमवारी सुनावणी आहे. त्याआधी रविवारी मी त्या पाच घरी पुन्हा जाणार आहे.